मास्तरांचं टेबल आणि आमची कमान

चौकात फ्लेक्स लागला तेव्हा मास्तरांना ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. फोटो त्यांचाच होता, पण डोक्यावर भगवा फेटा होता. मास्तरांनी उभ्या आयुष्यात फेटा बांधलेला मी पाहिला नव्हता. लग्नात कुणी बांधायला आलं की "माझं डोकं आधीच तापलेलं असतंय" म्हणून हात जोडत. नंतर कळलं, घरात त्यांचा धड एकही मोठा फोटो नव्हता. सापडले ते पासपोर्ट साइझचे, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी काढलेले. फ्लेक्सवाल्या पोरानं त्यातलाच एक ताणून मोठा केला, मागची निळी भिंत काढून ढग टाकले, आणि केस विरळ दिसायला लागले म्हणून वर फेटा चढवला. खाली ओळ : 'सीमालढ्याचा ढाण्या वाघ हरपला'.

वाघ म्हटलेलं त्यांना चाललं असतं असं वाटत नाही. बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ते चाळीसएक वर्षं 'मास्तर' होते, आधी शाळेत आणि निवृत्तीनंतर मारुतीच्या देवळाच्या सोप्यात. दर सोमवारी सकाळी साडेसातला ते तिथं एक लाकडी टेबल मांडत आणि येईल त्याचा कागद बघत. सोमवारच का, तर आमच्याकडं सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. माणसं मोकळी आणि सरकारी कचेऱ्या मात्र उघड्या. सकाळी अर्ज लिहायचा, साडेनऊच्या बसनं शहर गाठायचं. पुढं बैल गेले, ट्रॅक्टर आले, तरी टेबलाचा वार बदलला नाही.

रक्षाविसर्जन झालं त्याच संध्याकाळी देवळात बैठक बसली आणि स्मारक समिती झाली. गावच्या वेशीत मास्तरांच्या नावाची कमान बांधायची, वर शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसवायचा, अंदाज सात लाखांचा. मी विरोध केला. एकट्यानंच. त्याबद्दल गावात काय बोललं जातंय ते कानावर आलं आहे, म्हणून माझं म्हणणं नीट मांडतो. कमानीशी माझं वाकडं नाही. पण कमान बांधली की मास्तरांच्या कामातला जो भाग आपल्याला अडचणीचा वाटतो तो गुपचूप गाळता येतो. फेटा चढवणं ही त्याची सुरुवात होती.

आधी टेबलाबद्दल सांगतो, कारण ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना 'समाजसेवा' हा शब्द वाचून काहीच दिसणार नाही. टेबलाखाली पत्र्याची ट्रंक. तिच्यात कार्बन पेपर, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, टाचण्या, डिंकाची बाटली, फोटोंची पाकिटं, आणि लांबट आवक-जावक वही. समोर दोन खुर्च्या. त्यातली एक अर्जदाराची, आणि दुसरीवर आदल्या सोमवारी ज्याचा अर्ज झाला तो बसायचा. हा त्यांचा नियम होता. तुझा अर्ज मी फुकट बघितला, आता पुढच्या सोमवारी तू दुसऱ्याचा लिहायचास, मी शेजारी बसेन. कुणी म्हणालं, "मास्तर, तुम्हीच खरडा की, तुमचं अक्षर चांगलं हाय," तर ते पेन टेबलावर ठेवून चष्मा पुसायला घेत. पाच-पाच मिनिटं पुसत. समोरचा शेवटी पेन उचले. गावात आज अर्ज लिहिता येणारी वीस-पंचवीस माणसं तरी आहेत, त्यातल्या सात-आठ बायका आहेत, आणि त्यांतली एक चौथी नापास आहे.

दुसरा नियम पोचेचा. शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कागद खिडकीत सोडायचा नाही. हा नियम म्हणजे म्हाताऱ्याचा हट्ट असं मलाही वाटायचं. रोजगार हमीच्या वेळी त्याचा अर्थ कळला. 2005 च्या कायद्यानं काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळायला हवं होतं, नाहीतर बेकारभत्ता. पण पंधरा दिवस मोजायचे कुठून? काम मागायच्या फॉर्म नंबर सहावर पोच असेल तरच. पंचायतीत तोंडी "या की पुढच्या आठवड्यात" म्हणणाऱ्यांचं सगळं राज्य या एका तारखेच्या शिक्क्यानं बसतं. कर्नाटकात सरकारी सेवा मुदतीत देण्याचा 'सकाल' कायदा आला तेव्हा (आमच्या गावात पहिला महिनाभर लोकांना तो 'सकाळ' पेपरचा काहीतरी उपक्रम वाटला होता) मास्तरांनी प्रत्येकाकडून तो पोचपावतीवरचा नंबर वहीत लिहून घ्यायला सुरुवात केली. दाखला मुदतीत नाही मिळाला तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अशी भरपाई त्या कायद्यात आहे. रक्कम चहापाण्याची. पण ते म्हणत, साहेबाच्या पगारातनं वीस रुपये कापले जाणार हे त्याला कळलं तरी कागद हलतोय.

माझ्या आईचं प्रकरण याच टेबलावर आलं होतं. वडील गेल्यावर तिचं विधवा वेतन मंजूर झालं आणि अकरा महिने जमाच झालं नाही. तालुक्याच्या एका कचेरीत आम्ही सहा खेपा घातल्या. कारण शेवटी एका अक्षरात सापडलं. आईचं नाव सविता. आमच्या शाळेच्या दाखल्यावरून बँकेत ते इंग्रजीत मराठी वळणानं लिहिलेलं, 'त'ला नुसता 'टी'. रेशन कार्डावर कन्नड वळणानं, 'टी'च्या पुढं 'एच'. कन्नड माणूस इंग्रजीत 'त' असाच लिहितो. लता, गीता, ममता, सगळ्यांना एच लागतो. यात कुणाचं कारस्थान नव्हतं. पण संगणकाच्या लेखी या दोन बायका होत्या, आणि त्यातली एकही विधवा असल्याचं सिद्ध होत नव्हतं. मास्तरांनी मला ॲफिडेव्हिटचा मसुदा करायला लावला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची म्हणून, आणि वर एक कन्नड अर्ज. मी म्हणालो, कन्नड मला येत नाही. ते म्हणाले, "तुला न येऊन साहेबाचं काय बिघडतंय? तुझ्या आईचं बिघडतंय."

कमानीच्या आराखड्यात जे बसत नाही ते इथून सुरू होतं. मास्तर कन्नड शिकवायचे. उन्हाळ्याच्या सुटीत, त्याच सोप्यात, मराठी शाळेतल्या पोरांना आणि हवं असेल त्या मोठ्यांना. पहिल्या दिवशी फळ्यावर ते अक्षरं लिहीतच नसत. शब्द लिहीत, देवनागरीतच : अर्जी, कचेरी, दाखले, जमीनु, नकलु, सही, रसीदी, खाते, पहाणी, तकरारु, वारसुदार. मग विचारत, यातलं कुठलं कळलं नाही? सगळं कळायचं. ते म्हणत, कचेरीतलं अर्धं कन्नड तुम्हाला जन्मतःच येतंय, तुम्ही उगाच भिताय. दुसऱ्या दिवशी वर्णमाला, आणि तीही क ख ग घ याच क्रमानं. 'ळ'शी आल्यावर थांबून सांगायचे, हा बघा, हिंदीवाल्यांच्याकडं नाही तो ह्यांच्याकडं आहे. तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना पोरांची नावं आणि त्यांच्या आज्यांची नावं विचारायचे. कल्लाप्पा, यल्लाप्पा, निंगाप्पा, बाळाप्पा. पक्क्या मराठी घरातले हे सगळे 'आप्पा' कुठून आले? आणि घरात थोरल्या बहिणीला अक्का म्हणताय ते?

हाच माणूस दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत दंडाला काळी फीत लावून चालत असे. 1956 साली त्या तारखेला बेळगाव मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. त्याच दिवशी रस्त्याच्या पलीकडं राज्योत्सवाचे, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाचे लाल-पिवळे झेंडे असतात. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहायला ते चुकले नाहीत. 2004 साली महाराष्ट्रानं सीमाभागासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा घातला तेव्हा शाळेत पेढे वाटणारे तेच. दावा आपल्या बाजूनं लागावा हे त्यांचं मत शेवटच्या दुखण्यातसुद्धा बदललं नाही. तरीही 'मास्तर कन्नडधार्जिणे झाले' असं म्हणणारी माणसं होती, आणि तीच आज स्मारक समितीत पुढच्या रांगेत आहेत. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी मास्तरांना माफ केलं आहे. पण माफ करायचं म्हणजे कन्नड वर्ग विसरायचे, असा त्याचा अर्थ झाला आहे. समितीनं छापायला दिलेल्या जीवनपटात वर्गांचा उल्लेख नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "जागा कमी पडली."

माझं म्हणणं असं, की ते वर्ग काढले तर मास्तर उरतच नाहीत. कारण मराठीसाठी ते जे लढले ते त्या वर्गांच्या जोरावर लढले. एक साधं उदाहरण. संविधानाच्या 350 व्या कलमानं कुठल्याही माणसाला आपली तक्रार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क आहे. त्यामुळं गाऱ्हाण्याचा अर्ज मास्तर मराठीतच लिहायला लावत आणि कलमाचा आकडा डोक्यावर लाल शाईनं घालत. खिडकीवरचा माणूस "कन्नडदल्ली बरेदु कोडी" (कन्नडात लिहून द्या) म्हणाला, तर त्याला हे कलम कन्नडात समजावून सांगता आलं पाहिजे. माहिती अधिकाराचं गणित वेगळं. तिथं कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा मागतो, आणि कर्नाटकाच्या नियमानं अर्ज एकाच विषयावर, 150 शब्दांत बसवावा लागतो. मराठी माणूस 150 शब्दांत नमस्कारच करत असतो. मास्तर पोरांकडून दीडशे शब्दांचे कन्नड अर्ज घोटून घेत, शब्द बोटांवर मोजत. त्यांचं सूत्र आमच्या तोंडपाठ होतं : तक्रार मराठीत, माहिती कन्नडात. मराठी शाळेत शिक्षकाच्या किती जागा रिकाम्या आहेत ही माहिती कन्नडात मागवायची, आणि ती जोडून तक्रार मराठीत करायची. आमच्या शाळेला दोन वर्षं रखडलेला गणिताचा शिक्षक असा मिळाला. मोर्चानं मिळाला नाही; मोर्चाही निघाला होता, त्यात मीही होतो.

भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या तरतुदी आपल्याकडं फारशा कुणी वाचलेल्या नाहीत. 1956 च्याच घटनादुरुस्तीनं 350 अ आणि 350 ब ही दोन कलमं आली. पहिलं म्हणतं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय राज्यानं करावी. दुसऱ्यानं त्यावर लक्ष ठेवणारा खास अधिकारी, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त नेमला, ज्याचा अहवाल संसदेपुढं ठेवावा लागतो. त्या आयुक्तालयाचं एक विभागीय कार्यालय तर बेळगावातच होतं. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं एका मातृभाषेची असतील तर त्या भाषेतून शिकवण्याची सोय, तालुक्यात पंधरा टक्के लोक ती भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही, हे सगळं मान्य झालेलं आहे. ते पाळलं जात नाही हे खरं. पण पाळलं जात नाही हे कागदावर दाखवणारी माणसं आपल्याकडं किती? 1966 साली सेनापती बापटांनी उपोषण केलं, सीमावादावर महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्रानं तो फेटाळला. तेव्हापासून आपलं बहुतेक बळ 'आम्ही इथं नकोच' या एका वाक्यात गेलं आहे. ते वाक्य चूक नाही. पण ते म्हणत असताना इथंच तीन पिढ्या जन्मल्या, शिकल्या, म्हाताऱ्या झाल्या, आणि त्यांना रोज लागणारा हक्काचा कागद कुणीतरी लिहून द्यावा लागला.

गंमत अशी की महाराष्ट्राच्या वाटेवरसुद्धा हाच कागद आडवा येतो. तिकडच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांना जागा आहेत. त्यासाठी गाव वादग्रस्त भागात आहे हा एक दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा. 2023 मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, आपण फटाके लावले. पण तुम्ही त्या गावचे, हे दाखवायला जो कागद जोडायचा तो कर्नाटक सरकारनं दिलेला, कन्नडात छापलेला. त्यातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही तर मुंबईलाही तुम्ही कोण ते कळत नाही. मास्तरांच्या वहीत त्या काळात नाव दुरुस्तीचीच प्रकरणं सगळ्यांत जास्त आहेत.

आता समितीच्या बाजूचं जे बळकट म्हणणं आहे ते मी टाळत नाही. बैठकीत एका तरुणानं मला विचारलं, "दादा, येळ्ळूरचा फलक विसरलासा काय?" नाही विसरलो. 2014 च्या जुलैत बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातला 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' लिहिलेला फलक पोलिसांनी काढला, त्यानंतर गावात जो लाठीमार झाला तो सगळ्यांना माहीत आहे. आता दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा कायदा आहे. अशा ठिकाणी वेशीत दगडात कोरलेलं मराठी नाव म्हणजे नुसती शोभा नसते, ती साक्ष असते. आम्ही इथं होतो आणि आहोत. कागद वहीत राहतो, दगड रस्त्यावर उभा राहतो. हे मला पटतं. आणि आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात आपल्या माणसांनी गोळ्या खाल्ल्या. ज्या घरातलं माणूस त्यात गेलं त्या घराला "कन्नड शिका, फायद्याचं आहे" असं सांगायला जीभ रेटत नाही. माझीही रेटली नाही.

पण ते आंदोलन सक्तीविरुद्ध होतं. सक्ती आणि शिकणं यातला फरक आपण मिटवला तर सक्ती करणाऱ्याचंच काम सोपं होतं. कर्नाटकानं 2015 मध्ये शाळांत कन्नड सक्तीचा कायदा केला, महाराष्ट्रानं 2020 मध्ये मराठीचा केला. महाराष्ट्रातल्या जतच्या आणि अक्कलकोटच्या कन्नड पोरांना आपण काय सांगणार? मास्तर हा प्रश्न विचारत, त्यामुळंच काही लोकांना ते नकोसे होत. आणखीही एक गोष्ट ते सांगत, ती आपल्याला फारच झोंबायची. 1916 साली बेळगावात केएलई (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) ही शिक्षणसंस्था सात शिक्षकांनी काढली. तेव्हा हा भाग मुंबई इलाख्यात होता, शहरात मराठीचा वरचष्मा होता आणि कन्नड पोरांना आपल्या भाषेत शिकायची सोय अपुरी होती. म्हणजे जी तक्रार आज आपली आहे ती तेव्हा त्यांची होती. त्या सातांना कन्नड माणसं सप्तर्षी म्हणतात. मास्तर म्हणत, त्यांनी आधी शाळा बांधली, पुतळे मागनं आले. आपण पुतळ्यापासनं सुरुवात करतोय.

माणसं आठवण्याची आपली एक ठरलेली रीत झाली आहे. ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण मोठी. 1981 चं निपाणीचं तंबाखू आंदोलन म्हटलं की शरद जोशींचं नाव आठवतं, पुणे-बेंगळूर रस्त्यावर ठाण मांडलेले शेतकरी आणि गोळीबार आठवतो, आठवावंच. पण त्या रस्त्यावर रोजच्या भाकऱ्यांचा हिशेब कुणी ठेवला, कोर्टाच्या तारखा कुणी लक्षात ठेवल्या, हे विचारलं तर निपाणीतला म्हातारासुद्धा डोकं खाजवेल. त्यामुळं एखादा अर्ज लिहिणारा माणूस गेला की त्याला वाघ करावं लागतं. वाघ केल्याशिवाय आठवायचं कसं, हेच आपल्याला माहीत नाही.

मास्तरांना देव करणंही मला मान्य नाही. ते चिडके होते. उत्पन्न कमी दाखवून दाखला काढू पाहणाऱ्याचा कागद सगळ्यांसमोर टराटरा फाडत, आणि तो माणूस गरीब असला तरी फाडत. एकदा एका बाईला त्यांनी इतकं बोलून घेतलं की ती पुन्हा सोप्याची पायरी चढली नाही. तिचं काम शेवटी शहरातल्या एजंटानं दीड हजार घेऊन केलं. आणि त्यांच्या औदार्याची उधारी त्यांच्या घरावर होती. पेन्शनीतले किती पैसे झेरॉक्स, बसभाडं आणि लोकांच्या फोटोंवर गेले याचा हिशेब आवक-जावक वहीत नाही. तो काकूंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला माहीत आहे. दर सोमवारी पंधरा-वीस कप चहा त्यांच्या चुलीवर झाला, पुढं गॅसवर झाला. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन तीन वर्षं पुढं ढकललं गेलं. एकदा मी कप परत द्यायला आत गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "गावाला मास्तर मिळाले, मला सोमवार मिळाला." हसत म्हणाल्या, पण मी कप ठेवून लगेच बाहेर आलो. फ्लेक्सवर काकूंचं नाव 'शोकाकुल परिवार' या दोन शब्दांत आहे. कमानीवर तेवढंही असणार नाही.

या सगळ्याचं मूळ आणखी खाली आहे. एका निवृत्त शिक्षकानं पेन्शन घालून हे का करावं लागलं? आईच्या नावातल्या एका अक्षरासाठी अकरा महिने लागतात, फलकावर मराठी सूचना लागत नाही, मराठी शाळेला शिक्षक मिळायला माहिती अधिकार वापरावा लागतो, ही व्यवस्थेची कामं आहेत. आपण मास्तरांचं मन किती मोठं होतं हे जितकं सांगू तितकं ते मन का मोठं करावं लागलं हे बाजूला पडतं. शोकसभेत पंचायतीच्याच एका पदाधिकाऱ्यानं "मास्तरांसारखी माणसं आता होणे नाही" असं गहिवरून सांगितलं. ज्या खिडकीनं मास्तरांना सर्वांत जास्त खेपा घालायला लावल्या ती त्याच इमारतीत आहे. मास्तर समोर असते तर त्यांनी ते वाक्य लिहून मागितलं असतं, तारखेसह.

समितीपुढं मी तीन गोष्टी ठेवल्या होत्या. सोमवारचं टेबल चालू ठेवायचं, पाळीपाळीनं, आणि ज्यांनी मास्तरांकडून अर्ज लिहून घेतले त्यांनीच बसायचं; यादी वहीत आहेच. उन्हाळी कन्नड वर्ग चालू ठेवायचे, आणि जमलं तर शेजारच्या गल्लीतल्या कन्नड घरांतल्या मुलांना मराठी शिकवायची सोयही त्यात घालायची. ही कल्पना त्यांचीच, राहून गेलेली. आणि वह्या. अकरा वह्या आहेत, गावाच्या तीस वर्षांच्या गरजांचा तो दाखला आहे. त्यातली माणसांची नावं झाकून बाकीचं नीट मांडलं तर भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांवर इतका भक्कम पुरावा दुसरा नसेल. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या संस्थेत, नाहीतर कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदीला हिवाळ्यात जी साहित्य संमेलनं होतात त्यांतल्या एखाद्या परिसंवादात, कवितेच्या आधी अर्धा तास या वह्यांना मिळायला काय हरकत आहे? सात लाखांतले साठ हजारसुद्धा याला लागणार नाहीत.

उत्तर मिळालं, "ते बघू की सावकाश, आधी कमान होऊ दे." वह्या सध्या काकूंच्या कपाटात आहेत. एका वहीला वाळवी लागलेली मी स्वतः पाहिली.

टेबल मात्र पूर्ण बंद पडलेलं नाही, हे सांगायला हवं. बाराव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी सवयीनं देवळाकडं गेलो तर सोप्यात ती चौथी नापास बाई बसली होती, ट्रंक उघडून. समोर एक म्हातारा, हातात सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे सुनेच्या खात्यावर का जमा होत नाहीत याचे कागद. तिनं रेशन कार्ड आणि आधार शेजारी-शेजारी ठेवले आणि बोट एकेका अक्षरावरून सरकवत नेलं. मग बोट थांबलं. "आजोबा, हितं एच हाय बघा," ती म्हणाली, आणि पेन त्याच्याकडं सरकवलं. म्हातारा म्हणाला, "तूच लिही की गं." तिला चष्मा नाही. तिनं पदरानं टेबल पुसायला घेतलं.

परवा समितीचे दोघं वर्गणीला घरी आले. मी म्हणालो, विरोध तसाच आहे, पण गावानं ठरवलंय तर माझेही पाचशे घ्या, आणि पोच द्या. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. पावतीपुस्तक अजून छापून यायचं होतं. मग पाचशेची नोट मी परत खिशात ठेवली आणि त्यांना चहा दिला.